पडदा वर जाताना

मराठी भाषेत पडदा पडला की सगळे संपते. प्रकरणावर पडदा पडतो, कारकिर्दीवर पडदा पडतो, आणि घरातले भांडण फार लांबले की कुणीतरी वडीलधारे माणूस "आता यावर पडदा टाका" असे म्हणते. ही सारी भाषा रंगभूमीची देणगी. नाटकाचा पडदा वर गेला की राजा, राणी, विदूषक जन्माला येतात आणि तो खाली आला की प्रेक्षक पायांनी चपला चाचपू लागतात. आमच्या महाविद्यालयात मात्र सगळा उलटा कारभार आहे. तिथे पडदा पडला की तासाला रंग चढतो आणि वर गेला की दाखवायचे ते दाखवून झालेले असते. पहिल्या वर्षाच्या वर्गात मी एकदा "पडदा पडल्यावर नीट लक्ष द्या" असे म्हटले, तेव्हा एका नाटकवेड्या मुलाने अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले, "मॅडम, पडदा पडल्यावर लक्ष द्यायला उरतं काय?" मराठीचा तास होता म्हणून मी हसले. गणिताचा असता तर स्वारीला बहुधा व्हरांड्यात उभे राहावे लागले असते.

ज्याविषयी मी बोलते आहे तो प्रोजेक्टरचा, हाताने ओढावयाचा पडदा. फळ्याच्या वर भिंतीला एक लांबोडकी पांढरी पेटी बसवलेली असते. तिच्यात नळीवर गुंडाळलेले पांढरे कापड, कापडाच्या खालच्या काठाला एक दांडी आणि दांडीच्या मधोमध मूठ. मूठ धरून ओढली की कापड उलगडत खाली येते आणि फळा झाकून टाकते. वीज नको, बटण नको. इतकी साधी वस्तू की तिच्यावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घालावीत असे कुणालाही वाटू नये. पण साध्या वस्तूंनाही स्वभाव असतात, आणि वर्षानुवर्षे जिच्याशी रोज गाठ पडते तिचा स्वभाव आपल्याला ओळखावाच लागतो. आमच्याकडे गेली काही वर्षे असे दोन पडदे होते. एक तळमजल्यावरच्या खोलीत, दुसरा वरच्या मजल्यावर. दोघेही पेटीत मिटून असले की जुळे भाऊ वाटत. त्यांपैकी खालचा जमदग्नी होता.

खाली ओढला तर तो यायचा. पण आपण थांबवू तिथे थांबेल तर शपथ! चार बोटे खाली, दोन बोटे वर, पुन्हा एक बोट खाली अशी त्याची मनधरणी करावी लागे. आत कुठेतरी 'टक्' असा बारीक आवाज झाला की समजावे, स्वारी बसली. परत पाठवताना तर खरी कसोटी. जरासा ओढून हात सैल सोडला की तो असा उसळायचा की दांडी पेटीवर आदळून खोलीभर धाडकन आवाज व्हायचा, पेटीच्या वरच्या भिंतीचा थोडासा गिलावा झडायचा आणि साठ-सत्तर मुले एका सुरात हसायची. मुलांना मी दोष देत नाही. त्या आवाजाला कोणीही हसले असते. पण त्या हसण्याबरोबर आधीच्या अर्ध्या तासात जे काही मोठ्या कष्टाने जमवून आणलेले असे, ते खिडकीवाटे निघून जाई.

माझी उंची हा या प्रकरणातला आणखी एक मुद्दा. मूठ हातात धरून पडद्याबरोबर वर वर जावे तर निम्म्या वाटेतच माझा हात संपे. उरलेली वाट पडदा आपल्या मर्जीने जाई, आणि त्याची मर्जी कशी होती ते वर सांगितलेच आहे. आमच्याकडे एक जुने शिपाईमामा होते. त्यांनी मुठीला हातभर दोरी बांधून दिली आणि विद्याही दिली. ते म्हणाले, "मॅडम, ह्याला सोडायचं नसतंय. पोचवायचं असतंय." आणि मग त्यांनी ते करून दाखवले. दोरी दोन्ही हातांत, डावा हात वर, उजवा खाली, नजर दांडीवर. विहिरीत पोहरा सोडणारा माणूस जशी एकेक वीत दोरी सोडतो, तशी ते ती सोडत गेले. फरक इतकाच की हा पोहरा वर चालला होता. तो पेटीला टेकला तेव्हा आवाज झाला नाही. मला ती विद्या कधी पूर्ण साधली नाही, कारण ती विद्या हातांची होती, आणि तास घेताना माझे अर्धे चित्त पुढच्या वाक्यात गुंतलेले असे. पडद्याला ते बरोबर कळे.

एका सुट्टीत या रागाचे मूळ मला भौतिकशास्त्राच्या एका सहकाऱ्यांनी उलगडून दाखवले. ते म्हणाले, "पेटीत राग वगैरे काही नसतो हो, स्प्रिंग असते." नळी पोकळ असते. तिच्या पोटात लांबच लांब स्प्रिंग. स्प्रिंगचे एक टोक नळीला बांधलेले आणि दुसरे मधल्या एका सळईला. ही सळई टोकाशी पकडीत घट्ट बसवलेली, ती फिरत नाही. कापड खाली ओढले की नळी फिरते आणि स्प्रिंगला पीळ बसत जातो. म्हणजे पडदा वर जाताना जी ताकद दाखवतो ती आपल्याच हाताने त्याच्या पोटात भरलेली असते. हा पीळ लगेच सुटू नये म्हणून टोकाशी खाचा असतात आणि त्यांत पडणारी एक छोटीशी खिट्टी. खरी गंमत या खिट्टीची आहे. नळी सावकाश फिरत असली तर खिट्टी आपल्या वजनाने खाचेत पडते आणि नळी अडते. नळी वेगाने फिरू लागली की खिट्टी बाहेरच्या बाजूला फेकली जाते, तिला खाच सापडतच नाही. त्यामुळे सावकाश जाणाऱ्या पडद्याला थांबता येते. एकदा वेगात सुटला की त्याच्या हातात थांबणे राहत नाही. मनुष्यस्वभावाशी याचे साम्य मला तेव्हाच जाणवले, पण सहकारी भौतिकशास्त्राचे असल्यामुळे मी ते मनातच ठेवले.

ही स्प्रिंगची नळी फार जुनी आहे. स्टुअर्ट हार्टशॉर्न नावाच्या एका अमेरिकन गृहस्थांनी १८६४ मध्ये तिचे पेटंट घेतले, ते खिडकीच्या पडद्यांसाठी. त्या काळी घरोघरी खिडक्यांना पडदे आणि प्रत्येक पडद्याला दोऱ्यांचा गुंता. या गृहस्थांनी दोरी काढून टाकली आणि नळीत स्प्रिंग घातली. त्यातून त्यांनी इतका पैसा मिळवला की १८७७ पासून न्यू जर्सीत जमिनी घेऊन त्यांनी आपल्या मनासारखे एक गाव वसवले. शॉर्ट हिल्स हे ते गाव आजही आहे. एका खिट्टीवर गाव उभे राहिले म्हणायचे! आमच्या जमदग्नीचे गोत्र हे असे थोर होते.

आता कुणी विचारील की मराठी शिकवणाऱ्या बाईला प्रोजेक्टर आणि पडदा हवा कशाला? खडू आणि आवाज यांवर ज्यांनी जन्म काढला असे प्राध्यापक मी पाहिले आहेत, त्यांच्या हाताखाली शिकले आहे. त्यांना पडद्याची गरज नव्हती, कारण त्यांनी 'जाते' म्हटले की वर्गातल्या प्रत्येकाच्या कानात पहाटेची घरघर सुरू होत असे. आज मी 'जाते' म्हटले तर पहिल्या बाकावरची मुलगी "कुठे?" म्हणून वर पाहते. मी अतिशयोक्ती करते आहे, पण फार नाही. माजघर, उखळ, शिंके, रहाट, पाभर, ओटी, पडवी. पाठ्यपुस्तकातले हे शब्द मुलांना वाचता येतात, त्यांचे स्पेलिंग चुकत नाही, अर्थ विचारला तर तळटीपेतला अर्थ घडाघडा सांगतात. पण शब्दामागची वस्तू उचलून नेलेली आहे. रिकाम्या कोनाड्यासारखे ते शब्द पुस्तकात उभे असतात. अशा वेळी एक चांगले छायाचित्र दाखवावे लागते. म्हणून पडदा.

आणि दाखवले की ते काढूनही घ्यावे लागते. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. जात्याचे चित्र समोर टांगलेले असताना जात्यावरची ओवी शिकवता येत नाही. डोळे चित्राला चिकटून राहतात, कान रिकामे राहतात. चित्र पाहून झाले की ते दूर व्हावे आणि मुलांनी मिटल्या डोळ्यांनी आठवावे, तेव्हा कुठे शब्द आपल्या जागी जाऊन बसतो. तळमजल्यावर मी जाते दाखवले, खुंटा दाखवला, वरची तळी आणि खालची तळी दाखवली, मुले अगदी गप्प होऊन पाहू लागली. आणि मग पडदा परत गेला. धाडकन! जात्याची ओवी त्या दिवशी कुणाच्या कानापर्यंत पोचली असेल असे मला वाटत नाही.

पुढे वरच्या मजल्यावर नवी खोली झाली आणि तिच्यात नवा पडदा आला. बसवणाऱ्या माणसाने तो खाली ओढला, जरासा हिसडा दिला आणि मूठ सोडून चक्क पाठ वळवली. मी दचकून कानांवर हात नेले. मामा दारात उभे होते, ते पुढे धावले. पण पडदा निघाला तो सावकाश. कुणी तरी अदृश्य हातांनी त्याला पोचवीत असावे तसा, एका लयीत, कुठेही न अडखळता वर गेला आणि पेटीला टेकताना जेमतेम श्वास सोडल्याएवढा आवाज झाला. मामा त्याच्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "ह्यो कुठनं शिकून आलाय?"

ज्या कौशल्याने त्यांनी इतकी वर्षे जमदग्नीला सांभाळले ते कौशल्य कारखान्याने एका डबीत घालून पाठवले होते. मामांना त्याचे वाईट वाटेल असे मला वाटले होते, पण त्यांना वाटले ते नवल. त्यांनी तो पडदा दुपारभरात पाच-सहा वेळा खाली ओढून सोडला आणि प्रत्येक वेळी खाली बसून वर पाहिले. निवृत्त होईपर्यंत वरच्या खोलीला कुलूप लावण्यापूर्वी एकदा तरी ते तसे करीत असत, असे मला इतरांनी सांगितले.

या संथपणाचेही रहस्य सहकाऱ्यांनीच सांगितले. स्प्रिंग तीच, खिट्टी तीच. जादा एवढेच की नळीच्या टोकाशी एक गतिरोधक बसवलेला. कारखान्यागणिक रचना थोडी बदलते, पण एक सर्वसाधारण रचना अशी: एका बंद डबीत सिलिकॉनचे घट्ट तेल आणि त्या तेलात फिरणारा एक लहान भाग. पडदा खाली ओढताना हा भाग मोकळा राहतो, म्हणून ओढायला जड जात नाही. पडदा परत निघाला की मात्र त्याला नळीबरोबर फिरावे लागते, आणि मधासारख्या घट्ट तेलातून फिरायचे म्हणजे वाट काढीत जायचे. तेलाचा गुण असा की ढकलणारा जितकी घाई करील तितका त्याचा विरोध वाढतो. स्प्रिंगने उसळी घेतली की तेल तिला धरते. ती जरा शांत झाली की तेलही सैल होते. दोघांची अशी तडजोड होऊन पडदा एका ठरावीक चालीने वर जातो. पावसाचा थेंब एवढ्या उंचावरून येऊनही आपली छत्री फाडत नाही त्याचे कारण हेच, वेगाबरोबर हवेचा विरोध वाढत जातो. दारे आपोआप हळू लोटणारे यंत्र किंवा हल्लीच्या स्वयंपाकघरातले न आदळणारे खण, ही सारी याच कुळीतली मंडळी. इंग्रजीत या सोयीला 'कंट्रोल्ड रिटर्न' म्हणतात. मी तिला संथ परती म्हणते.

ही संथ परती पुरी व्हायला किती वेळ लागतो? मी मनातल्या मनात मोजते तेव्हा बारा-तेरा आकडे होतात. तासाच्या हिशेबात हा वेळ काहीच नव्हे. पण त्या बारा-तेरा आकड्यांत वर्गात जे घडते ते मला इतर कुठल्याही उपायाने घडवता आलेले नाही.

एका ग्रामीण कथेत मोटेचा प्रसंग होता. मी मोटेचे जुने छायाचित्र दाखवले. विहिरीच्या काठावरून उतरत गेलेली बैलांची धाव, धावेच्या तोंडाशी चाक, चाकावरून जाणारा जाड नाडा, आणि विहिरीच्या तोंडाशी वर आलेली, पाण्याने फुगलेली कातड्याची मोट. बैल उताराने पुढे गेले की मोट वर येते आणि दगडी थारोळ्यात रिती होते. मग पाणी पाटाने मळ्यात जाते आणि बैल मागे मागे सरत पुन्हा धावेच्या तोंडाशी येतात. एवढे सांगितले आणि पडदा सोडला. तो वर जाऊ लागला. बैल गेले, धाव गेली. कुणी बोलले नाही. पडदा चालत असताना का कोण जाणे, कुणी बोलत नाही. आणि तो पेटीला टेकायच्या आत शेवटच्या बाकावरचा एक मुलगा, जो वर्षभरात माझ्याशी हजेरीपलीकडे बोलला नव्हता, स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "म्हणजे थारोळं पाण्याचं असतं?"

माझ्या अंगावर काटा आला. त्याचा प्रश्न बरोबर होता. त्या मुलांनी 'थारोळे' हा शब्द आजवर एकाच ठिकाणी वाचलेला होता: वर्तमानपत्रात, अपघाताच्या आणि खुनाच्या बातम्यांत. रक्ताच्या थारोळ्यात पडलेला मृतदेह. मळ्याला पाणी देणारा शब्द. मोटा गेल्या, विहिरीवर इंजिने आली, मग विजेचे पंप आले, आणि निराधार झालेला तो शब्द पोलिसांच्या बातम्यांत जाऊन राहिला. कोशात मी त्याचा मूळ अर्थ पाहिलेला होता, पण त्याचे हे असे झाले आहे हे मला त्या मुलाने सांगितले. त्या वेळी जर पेटीवर दांडी आदळली असती तर तो मुलगा ते वाक्य बोललाच नसता. त्याने ते मोठ्याने म्हणायचे असे ठरवले नव्हते. ते शांततेत सांडले.

चार दिवसांनी तोच मुलगा व्हरांड्यात थांबून राहिला होता. त्याने आजोबांना विचारले होते. आजोबांनी तरुणपणी मोट हाकलेली. त्यांनी त्याला आणखी एक शब्द दिला होता: सोंदूर. नाडा जाड, तो मोटेला वर ओढतो. सोंदूर बारीक, तो मोटेच्या सोंडेला बांधलेला असतो आणि सोंड थारोळ्यावर आणून रिती करतो. दोन्ही दोऱ्या एकाच वेळी चालल्या पाहिजेत, नाहीतर पाणी विहिरीतच सांडते. हे सांगताना त्याचे दोन्ही हात हवेत त्या दोऱ्या धरून होते. आजोबा बैलांसाठी म्हणत ती गाणीही त्याने फोनवर उतरवून आणली होती. आवाज कापरा होता आणि मध्येच कुणीतरी भांडे आपटल्याचा आवाज होता. ते मी वर्गात ऐकवले. पडदा तेव्हा वरच होता.

या संथ परतीचा आणखी एक उपयोग मला हळूहळू कळला. पडद्याच्या मागे फळा असतो हे पडदा बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसावे. पडदा वर जातो तेव्हा फळा खालून वर उघडत जातो. म्हणजे मी शेवटी लिहिलेली ओळ आधी दिसते आणि अगदी आरंभी लिहिलेला शब्द सर्वांत शेवटी. पूर्वी जमदग्नीच्या राज्यात सगळा फळा एका क्षणात उघडा पडत असे, तेव्हा याचे काही वाटत नव्हते. आता मी तासाच्या सुरुवातीला फळ्याच्या माथ्याशी एकच शब्द लिहिते, त्याखाली बाकीचे, आणि पडदा ओढते. पडदा वर जाऊ लागला की मुलांचे डोळे त्याच्या काठाबरोबर वर चढत जातात. पाट, थारोळे, नाडा, धाव, आणि शेवटी मोट. वाचनाची दिशाच उलटी होते. नाटककाराने जपून ठेवलेला प्रवेश जसा शेवटी यावा तसा तो शब्द येतो. कुठल्याही शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात ही युक्ती मी वाचलेली नाही.

खरे म्हणजे चित्र आणि त्याच्या शेजारी बोलणारे माणूस ही जोडी आपल्याकडे काही नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनी 'शांबरिक खरोलिका' या भारदस्त नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेवर रंगवलेली चित्रे, त्यांमागे दिवा, समोर पडदा, आणि बाजूला कथा सांगणारे, गाणारे माणूस. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' कॉरोनेशनमध्ये लागला, त्याच्या आधीची ही गोष्ट. प्रोजेक्टर लावून तास घेणाऱ्या आम्हा लोकांचे मूळपुरुष हे पटवर्धन, असे मी मानते. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर तर आधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. पुढे १९२० मध्ये त्यांनी 'सैरंध्री' काढला, म्हणजे पडदा रंगवणारा माणूस पडद्यावर प्रकाश पाडू लागला. 'रुपेरी पडदा' हा आपला लाडका शब्दही अगदी शब्दशः खरा आहे. प्रकाश अधिक परतावा म्हणून जुन्या काळी पडद्याला चंदेरी रंगाचा हात दिला जाई. समोर बसलेल्याला झगझगीत दिसे, कडेला बसलेल्याला मंद. वर्गातले पडदे बहुधा साधे, झळाळी नसलेले पांढरे असतात. ते मिळालेला प्रकाश सगळीकडे सारखा वाटून टाकतात. शेवटच्या बाकावरच्या, खिडकीकडच्या, खांबाआडच्या मुलालाही.

लहानपणी गणपतीत आमच्या गावी चौकात दोन बांबूंना पांढरे कापड ताणून चित्रपट दाखवीत. जागा पुढच्या बाजूला मिळाली नाही की आम्ही पोरे पडद्याच्या मागे जाऊन बसायचो. तिथून सारे उलटे दिसे. नायक डाव्या हाताने तलवार चालवी आणि नावे उजवीकडून डावीकडे धावत. मोठेपणी तो चित्रपट सरळ बाजूने पाहिला तेव्हा मला तो चुकीचा वाटला. असो. सांगायचे इतकेच की तो पडदा खेळ संपल्यावर कसा गेला हे मी कधी पाहिले नाही. तोवर आम्हाला कुणीतरी खांद्यावर टाकून घरी नेलेले असे.

पडद्याच्या जाण्याला मान देणारा आपल्याकडचा एकच प्रसंग मला आठवतो, आणि तो लग्नाचा. अंतरपट. दोन भटजी धरतात तो कापडाचा तुकडा. त्याच्यावर काढलेले असते ते एक कुंकवाचे स्वस्तिक. मंगलाष्टके संपतात, तो दूर होतो, आणि समोरासमोर उभी असलेली दोन माणसे एकमेकांना दिसतात. तो धरलेला असतो तो दूर होण्यासाठीच.

गेल्या वर्षी आमच्याकडे खोल्या अद्ययावत करण्याची योजना आली. दोन्ही पडदे काढून त्यांच्या जागी मोठी, स्पर्शाने चालणारी पॅनेले बसवावीत असे ठरत होते. मी त्यांच्या विरुद्ध आहे असे कुणी समजू नये. खिडक्या उघड्या ठेवूनही त्यांवर चित्र लख्ख दिसते, अंधार करावा लागत नाही. भूगोलवाल्यांना नकाशावर बोट ठेवून नद्या मोठ्या करता येतात. भाषाविज्ञान शिकवताना ध्वनीची आकृती आणि ध्वनी एकदम दाखवता येतात. आणि खाली वाकलेल्या प्रोजेक्टरमुळे पडद्यावरचे चित्र वर निमुळते, खाली रुंद होते, ती कटकट तर कायमची मिटते. हे सारे मी बैठकीत स्वतः सांगितले. मग म्हटले, "पण ते जात नाही."

"जात नाही म्हणजे?" भौतिकशास्त्राचे सहकारी म्हणाले. "बंद केलं की झालं, मॅडम."

"बंद होतं. जात नाही," मी म्हटले. बंद झालेले पॅनेल भिंतीवर काळे ठिक्कर उभे असते. त्यात खिडकी दिसते, पंखा दिसतो, पुढच्या बाकांवरच्या मुलांचे चेहरे दिसतात आणि मुले त्यांत आपले केस नीट करतात. फळा त्याच्या दोन बाजूंना दोन तुकड्यांत सरकवावा लागतो. चित्र गेल्यावर त्या जागी काय यायचे? माझ्या तासाला तिथे शब्द यायला हवा. तो बाजूला लिहिलेला असला तर चालेल असे सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. मी मोटेची हकीगत सांगितली. बैठकीत ती थोडी लांबली असावी, कारण एका सदस्यांनी मध्येच घड्याळाकडे पाहिले. पण सहकारी ऐकत होते. ते शेवटी म्हणाले, "तुमचा मुद्दा तेलाच्या डबीचा आहे तर!" तसे म्हटले तर तसे.

शेवटी वाटणी झाली. तळमजल्यावर पॅनेल बसले. जमदग्नी उतरवताना त्याची स्प्रिंग कुणीतरी सैल न करताच पेटी उघडली, आणि जाता जाता त्याने शेवटची एक उसळी घेऊन दोघांना मागे सारले असे ऐकते. वरच्या खोलीतला पडदा या वर्षी तरी राहिला आहे. त्याच्या कडा आता किंचित आत वळू लागल्या आहेत आणि मधोमध एक सुरकुती पडली आहे. तिच्यामुळे कुठलेही घर दाखवले की त्याची भिंत फुगलेली दिसते. नव्या शिपायाला मी सांगून ठेवले आहे की तो वर जात असताना मध्येच धरायचा नाही आणि हाताने वर ढकलायचाही नाही, आतल्या यंत्रावर ताण येतो. मामांनी बांधलेली दोरी जमदग्नीबरोबर भंगारात जायच्या आधी सोडवून आणली होती. ती वरच्या पडद्याच्या मुठीला बांधून घेतली आहे. पुढच्या आठवड्यात रहाट शिकवायचा आहे. चित्र मिळाले आहे, पण त्यात पोहरे नीट दिसत नाहीत.